कोरड्या चेहऱ्याची नवरी

हर्षालीच्या कपाळावर मी ब्रश फिरवला आणि कपाळ भेगाळलं.

दुसरा शब्द नाही त्याला. आमच्याकडे मे महिन्यात तलाव आटला की गाळ कसा तडकतो, तशा बारीक बारीक रेघा तिच्या कपाळभर उमटल्या. पावडर बसलीच नाही. जिथे पापुद्रे निघाले होते तिथे ती चिकटून पांढरीफटक झाली, मधल्या जागा तशाच उघड्या राहिल्या. मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेनऊ. मुहूर्त अकरा चाळीसचा.

"काय झालं?" मागून तिच्या आईनं, शकुनकाकूंनी विचारलं.

"काही नाही काकू. पहिला हात आहे. अजून बसायचा आहे."

वरवर मी हसत होते. लाखनीजवळच्या हमरस्त्यावरचं ते मंगल कार्यालय, डिसेंबरची कडक थंडी, खिडकीच्या फटीतून शिरणारं वारं. खाली मंडपात माइकवाला 'हॅलो, हॅलो' करत होता. त्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते. साकोलीत माझं पार्लर सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नागपूरला आठ दिवसांचा कोर्स करून मी मिनरल मेकअप शिकून आले होते आणि दारावर मोठ्या ऐटीत पाटी लावली होती: 'खनिज पावडरचा हलका, नैसर्गिक मेकअप'. आमच्या भागात तोवर हे कुणी ऐकलेलं नव्हतं. शकुनकाकू अंगणवाडी सेविका. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्या शब्दावर माझ्याकडे येत. आपल्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नाचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं तेव्हा मी देवापुढे पेढे ठेवले होते.

कोर्सच्या बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. ही पावडर तेलकट चेहऱ्यावर आपोआप बसते, पण कोरड्या त्वचेवर ती प्रत्येक पापुद्रा उघडा पाडते. आधी चेहरा ओलावा धरेल असा करा, आणि ट्रायल घेतल्याशिवाय नवरीला हात लावू नका. ट्रायलसाठी मी काकूंना तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "लग्न ठरल्यावर आम्ही पोरीले बाहेर काढत नाही, ममता." मला वाटलं, असेल त्यांच्या घरची रीत.

आता ती पोरगी माझ्यासमोर बसली होती आणि तिचा चेहरा मी पहिल्यांदाच जवळून बघत होते.

कोरडी त्वचा मी खूप बघितली होती. थंडीत आमच्याकडे सगळ्यांचेच ओठ फुटतात, गाल उलतात. हे तसं नव्हतं. चेहरा सुजल्यासारखा जड, पिवळसर, आणि वरून खरखरीत. हाताला गार लागत होता. अंगावर शाल, त्यावर स्वेटर, तरी गार.

"काकू, हिला कुठली क्रीम लावली होती का? काही औषधं वगैरे चालू आहेत?"

"औषध कशाचं? चांगली धडधाकट पोरगी आहे. हळद लागली, म्हणून कोरडी पडली असेल."

"बरं. मला थोडं कोमट पाणी लागेल. आणि दहा मिनिटं शांतता."

काकूंनी कोमट पाणी आणून दिलं आणि त्या पुन्हा खाली गेल्या. मी सगळा मेकअप पुसून काढला. पुन्हा पहिल्यापासून. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं चेहऱ्यावर ठेवलं, पापुद्रे सैल झाल्यावर बोटाच्या टोकानं हळूहळू सोडवले. मग क्रीमचा पातळ थर चोळला नाही, नुसता थापटून जिरवला, आणि वाट बघत थांबले. तेवढ्यात ती झोपली.

बसल्या बसल्या. मान एका बाजूला कलली आणि तोंड थोडं उघडं.

"हर्षाली?"

तिनं डोळे उघडले, पण फार सावकाश. "हो ताई. जागीच आहे."

आवाज घोगरा होता. जिभेवर काहीतरी जड ठेवल्यासारखा.

"काल झोप झाली नाही वाटतं?"

"झोप तर येतच राहते, ताई. दिवसभर येते." ती थोडं थांबली. दाराकडे पाहिलं. "मामानं काल मन शांत राहायची गोळी दिली. आज सकाळी पण एक दिली. मंडपात घाबरू नये म्हणून."

"आणि दुसरं काही औषध? खरं सांग. मला मेकअपसाठी कळायला पाहिजे."

तिचे डोळे मिटले. मला वाटलं, परत झोपली.

"होती," ती म्हणाली. "रोज सकाळी उठल्या उठल्या एक. दहावीपासून. दिवाळीनंतर आईनं बंद केली. आई म्हणाली, सासरी बाटली दिसली तर म्हणतील, बिमार पोरगी गळ्यात मारली. नंतर पुन्हा सुरू करू म्हणाली." आणि मग तिनं माझं मनगट धरलं. तिची बोटं बर्फासारखी होती. "ताई, कोणाले सांगू नका. आईची शपथ आहे."

"नाही सांगत," मी म्हटलं.

मी विचारही केला नाही. कसली गोळी, तेही विचारलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं. साडेनऊ वाजले होते आणि चेहरा उभा करायचा होता.

आणि तो मी केला. तसं काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं आणि खरं सांगायचं तर नंतरही फार वेळा झालं नाही. झाकणात चिमूटभर पावडर घ्यायची, ब्रश त्यात गोल फिरवायचा, जास्तीची झटकून टाकायची. मग गालावर अगदी हलक्या हातानं, गोल गोल. एक थर. गुलाबपाण्याचा बारीक फवारा. तो वाळू द्यायचा. मग दुसरा थर, पहिल्यापेक्षाही विरळ. पिवळेपणा झाकायला किंचित गुलाबी छटा. तिच्या भुवया मधेच संपत होत्या, बाहेरची टोकं जवळजवळ नव्हतीच. ती मी एकेक केस रेखाटल्यासारखी पेन्सिलीनं पूर्ण केली. विंचरताना केस कंगव्यात झुबक्याझुबक्यानं येत होते, म्हणून अंबाडा गंगावणावर बांधला आणि वरून गजरे असे दाट लावले की कुणाला संशयही येऊ नये. सुजट पापण्यांखाली सावली दिली. मधेच ती झोपायची, मी हनुवटीला हात लावून उठवायची. ती हसायची. हसूही उशिरा यायचं.

काकू वर आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मायबाई! ही माझीच का?" त्यांनी दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढली. तिची नव्हे, माझी. "ममता, तू माझी लाज राखली बाई."

मला अभिमान वाटला. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरोखर छाती भरून आली होती.

साडेअकराला तिला खाली न्यायचं ठरलं. मी सोबत होते, हातात ब्रश आणि रुमालाची पिशवी. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ती थांबत होती. तिच्या मैत्रिणी चेष्टा करत होत्या, "नवरीचा पाय निघत नाही बघा." माझं लक्ष मात्र चेहऱ्याकडे. नाकाच्या बाजूला तडा जातोय का, ओठाकडे सुटतंय का. मंडपाच्या कडेला एक प्लास्टिकची खुर्ची होती. तिथे ती बसली. फक्त बसली. आणि मान पुढे पडली ती पुन्हा वर आलीच नाही.

आधी सगळे हसलेच. मग कुणीतरी हलवलं. मग जोरात हलवलं. लीलाधरमामा, काकूंचे भाऊ, ज्यांनी बापाच्या जागी उभं राहून हे लग्न जमवलं होतं, ते धावत आले. "पाणी आणा! वारं घाला!" अंतरपाट धरायला उभे असलेले दोघे तसेच उभे राहिले. मामांनी तिला उचललं आणि गाडीत घातलं. अंबाडा, दागिने, शालू सगळं सांभाळायचं म्हणून तिचं डोकं माझ्या मांडीवर आलं. काकू शेजारी बसून 'हर्षू, हर्षू' करत होत्या.

पाच मिनिटांवर डॉ. शेंड्यांचा चार खाटांचा दवाखाना होता. आमच्या मागोमाग नवरामुलगा आला. रोशन लांजेवार, डोक्याला मुंडावळ्या तशाच. त्याच्यासोबत त्याची मोठी बहीण भारतीताई. दोघे दाराशी उभे राहिले.

डॉक्टर साठीच्या आसपासचे, शांत माणूस. "काय झालं? सकाळपासून काय खाल्लंय?"

"उपास आहे जी तिचा," मामा म्हणाले. "आणि थोडी घाबरली होती."

"कुठला आजार? फिट्स, शुगर, हार्टचं काही?"

"काही नाही," काकू म्हणाल्या.

"कुठल्या गोळ्या चालू?"

"काही नाही जी. आजवर साधं डोकं नाही दुखलं पोरीचं." हे म्हणताना त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं.

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून साखर बघितली. बीपी घेतलं, म्हणाले कमी आहे. टॉर्चचा उजेड डोळ्यांवर टाकला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून जरासे सैल झाले. "चेहरा तर छान दिसतोय. गालावर रंग आहे. अशक्तपणा असेल. लग्नघरात हे होतंच. एक सलाइन लावू, अर्ध्या तासात उठून बसेल."

मामांनी सुस्कारा सोडला. "ऐकलं का शकुन? मुहूर्त थोडा पुढे जाईल, एवढंच."

मी कोपऱ्यात उभी होते. काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती. धमकी असती तर बरं झालं असतं. त्या हात जोडल्यासारख्या बघत होत्या.

मी गप्प राहिले.

सिस्टरनं सलाइन लावायला हात धरला, शीर सापडेना. दुसरा हात धरला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. अकरा चोपन्न. मी स्वतःला समजावत होते की डॉक्टर शिकलेले आहेत, त्यांना कळतंय. रोजची एक गोळी बंद केली, त्यानं असं काय होणार? तिची आई आहे ना जवळ, वेळ आली तर ती सांगेलच. आणि मी सांगितलं तर? दाराशी नवरामुलगा उभा. माझ्या एका वाक्यानं लग्न मोडेल. मग साकोलीत कुठली बाई माझ्याकडे चेहरा घेऊन येईल, जी गुपित पोटात ठेवू शकत नाही तिच्याकडे? हा विचारही मनात आला. तो आला होता, हे मी नाकारत नाही.

"सर," सिस्टर म्हणाली, "थर्मामीटर बिघडलाय वाटतं. आकडाच येत नाही."

"दुसरा घे."

दुसऱ्यावरही आला नाही; अंग आकडा दाखवण्याइतकंही गरम नव्हतं. डॉक्टरांनी नाडी धरली. घड्याळाकडे बघत मोजू लागले आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. पुन्हा पहिल्यापासून मोजली. पुन्हा तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा तसाच होता. गुलाबी, भरलेला, टवटवीत.

तो माणूस तिला शोधत होता आणि मधे माझा मेकअप होता.

"डॉक्टर," मी म्हटलं. "हा चेहरा तिचा नाही. मी केलाय."

"म्हणजे?"

"मला तेल द्या. कापूस द्या."

"ममता!" काकू ओरडल्या.

मी थांबले नाही. सिस्टरच्या हातातून कापूस घेतला, टेबलावरच्या खोबरेल तेलात बुडवला आणि कपाळापासून पुसायला लागले. तासभर जपून बसवलेली पावडर दोन मिनिटांत निघाली. गुलाबी रंग गेला. खालून पिवळा, फुगलेला, खरखरीत चेहरा वर आला. भुवया पुसल्या, अर्ध्याच राहिल्या. मी बोलत होते, थांबत नव्हते. "पापण्या अशा सुजलेल्या होत्या. केस मुठीमुठीनं येतात, हे गंगावण आहे. सकाळपासून गार आहे अंग. आवाज घोगरा आहे. बसल्या बसल्या झोपत होती. आणि रोज सकाळची एक गोळी होती, दहावीपासून. दिवाळीनंतर बंद केली. काल आणि आज सकाळी मन शांत व्हायची गोळी दिली आहे."

"खोटं बोलते ही!" काकू माझ्या अंगावर आल्या. मामांनी त्यांना धरलं, पण मामांचाही चेहरा उतरला होता.

डॉक्टर वाकून बघत होते. बोटानं गाल दाबला, नडगी दाबली. मग उभे राहिले आणि काकूंकडे वळले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"आई, ऐका. माझ्याकडे वेळ नाही. छोटी पांढरी गोळी, बाटलीतली, उपाशीपोटी घ्यायची. थायरॉईडची. होती की नव्हती?"

काकूंचे ओठ हलले. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या रोशनकडे पाहिलं. मग खाटेवर.

"होती," त्या म्हणाल्या, आणि खालीच बसल्या.

पुढे सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात फोन लावला, अँब्युलन्स मागवली. ब्लँकेटं पांघरा म्हणाले, शेकू मात्र नका. मामांकडून त्या शांत करणाऱ्या गोळीचं पाकीट घेऊन बघितलं आणि म्हणाले, थायरॉईडची बंद, त्यात ही गुंगीची, म्हणून शरीर थंड पडत चाललंय. मग म्हणाले, "ही आणखी तासभर इथे सलाइनवर राहिली असती, तर मला पुढचं सांगता आलं नसतं."

अँब्युलन्सची वाट बघताना भारतीताई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"थायरॉईडची गोळी?" त्यांनी हळूच विचारलं. "तीच?"

"हो."

त्या भिंतीला टेकल्या. "मी घेते ना रोज. सहा वर्षं झाली. आमच्या घरी दोघींच्याही गोळ्या एकाच डबीत राहिल्या असत्या, काय झालं असतं?" आणि पदर तोंडाला लावून त्या बाहेर गेल्या.

हर्षाली वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे नीट उघडले, अकराव्या दिवशी घरी आली. लग्न मात्र झालं नाही. रोशन दोन दिवस नागपूरच्या दवाखान्याबाहेर बसून होता असं ऐकलं. मग त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले. गोळीचं काही नाही, ते म्हणाले, पण पहिल्याच दिवशी खोटं बोलले ते लोक. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं दुसरीकडे झालं.

शकुनकाकू माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर पलीकडून जात. त्यांनी माझ्याविषयी वाईट काही पसरवलं की नाही, मला माहीत नाही, पण त्या लग्नसराईत माझ्याकडे फक्त दोन नवऱ्या आल्या. एकीच्या आईनं तर कामाआधी स्पष्टच विचारलं, "तू ऐकलेलं बाहेर बोलते म्हणतात, खरं का?" मी म्हटलं, खरं आहे. ती उठून गेली. दोन वर्षांनी मी भंडाऱ्याला दुकान हलवलं.

लोक मला विचारत, आणि मीही अनेकदा हे सांगितलं आहे, एखाद्या शिकाऊ मुलीला, एखाद्या घाबरलेल्या आईला. सांगताना मी नेहमी कापूस आणि तेलापासून सुरुवात करायची. पोरीचा जीव वाचवणारी मेकअपवाली. ऐकणाऱ्यांना बरं वाटायचं. मलाही वाटायचं.

मग सहा वर्षांपूर्वी एका दुपारी हर्षाली माझ्या भंडाऱ्याच्या दुकानात आली. मी तिला ओळखलंच नाही. सूज उतरून चेहरा निमुळता झाला होता, डोळे मोठे दिसत होते, बोलणं चटपटीत. पंचायत समितीत कामाला लागली होती. जिल्ह्याच्या कामाला आली आणि पाटी बघून आत शिरली. मी चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं. आई बरी आहे म्हणाली. लग्न केलं नाही, घाईही नाही म्हणाली.

मग कप खाली ठेवून ती म्हणाली, "ताई, एक सांगायचं होतं. त्या दिवशी दवाखान्यात मला सगळं ऐकू येत होतं."

"सगळं?"

"डोळे उघडत नव्हते. हात हलत नव्हता. पण ऐकू येत होतं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू आहेत का? आई नाही म्हणाली. मग मी तुमची वाट बघितली. शपथ मीच घातली होती तुम्हाला. आणि मीच आतून म्हणत होते, ताई बोला. आता बोला. आता तरी बोला."

मीही कप खाली ठेवला.

"तुम्ही खूप वेळ गप्प होतात," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. "किती वेळ होता तो? मला कधीच समजलं नाही. मला तर दिवस गेल्यासारखा वाटला."

"सात मिनिटं," मी म्हटलं. "मी घड्याळाकडे बघत होते."

तिनं मान डोलावली, जणू बरीच वर्षं अडलेला एक हिशोब सुटला. मग तिनं टेबलावरचा माझा हात धरला. तिची बोटं उबदार होती.

"मला वाटलं होतं, तुम्ही बोलणारच नाही," ती म्हणाली. "मी आशा सोडून दिली होती, ताई. आणि मग तुमचा आवाज आला."